समीकरणाचे ‘समाधान’ करणारी जोडी

नववीसाठी प्रश्नपत्रिका मराठीत करतो आहे. सेल्सिअसचे फॅरनहाइट करायचे सूत्र घेतले आहे, य = १.८क्ष + ३२. पुढे चार क्रमित जोड्या (आधी क्ष, मग य): (०, ३२), (२५, ७७), (३०, ८५), (३२, ०). विचारायचे आहे की यांतल्या कोणत्या जोड्या या रेषीय फलाचे (linear function)... आणि इथे क्रियापदाशी अडलो. ‘समाधान करतात’ म्हटले की पोरे हसतात. ‘पूर्तता करतात’ म्हटले की सरकारी परिपत्रक वाटते. काय लिहावे?

प्रतिसाद १

हसू देत, ‘समाधान करतात’च लिहा. मराठीत समाधान म्हणजे नुसती तृप्ती नाही. शंकासमाधानात हाच शब्द आहे आणि तिथे कोणी हसत नाही. फक्त हिंदीतल्यासारखा ‘उत्तर’ या अर्थी वापरू नका, त्यासाठी आपल्याकडे ‘उकल’ आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. समाधान समीकरणाचे होते, फलाचे नाही. फल हा नियम आहे: २५ दिले की ७७ देतो. त्याबद्दल बोलायचे तर ‘क्ष = २५ असताना फलाची किंमत ७७ येते’ असे म्हणावे. जोडी हातात घेऊन दोन्ही बाजू सारख्या येतात का हे बघायचे असेल, तेव्हा आपण समीकरणाबद्दल बोलत असतो. म्हणून ‘समीकरणाचे समाधान करते’, किंवा ‘ही जोडी समीकरणाची एक उकल आहे’. ‘एक’ विसरू नका. दोन चलांच्या अशा समीकरणाला अनंत उकली असतात, आणि नुसते ‘उकल आहे’ लिहिले की मुले एक जोडी सापडताच थांबतात.

प्रतिसाद २

आमचे गुरुजी ‘ताळा बघ’ म्हणायचे. ताळा, पडताळा, ताळमेळ, ताळेबंद ही सगळी जुळवून बघण्याच्या घरातली मंडळी. ‘कोणत्या जोड्या समीकरणात बसतात ते पडताळून पाहा’ हे कुठल्याही मुलाला कळेल.

मात्र हा पडताळा नवाच्या ताळ्यासारखा (अंकांची बेरीज करून उत्तर तपासायची जुनी रीत) कच्चा नाही. उत्तर २७ च्या जागी ७२ लिहिले तरी नवाचा ताळा जुळतो, अंकांची उलटापालट त्याला दिसतच नाही. इथे तसे नाही. (३२, ०) मध्ये क्ष = ३२ ठेवला तर उजवी बाजू ५७.६ + ३२ = ८९.६, आणि डावीकडे ०. ‘क्रमित’ या विशेषणाचा सगळा अर्थ तुमच्या या चौथ्या जोडीत आहे. उलटवूनही टिकणारी जोडी या सूत्रात एकच: (−४०, −४०).

(३०, ८५) चांगली निवडली आहे. ५४ + ३२ = ८६, एकाने हुकते. आलेखावर डोळ्यांनी पाहिले तर बिंदू रेषेवरच वाटेल, म्हणून किमती ठेवूनच बघायला हवे.

प्रतिसाद ३

थोडा कीस काढतो. महाविद्यालयात गेल्यावर ‘रेषीय’चा अर्थ आवळला जातो, शून्याला शून्यच मिळाले पाहिजे. तुमच्या सूत्रात शून्याला ३२ मिळतात, म्हणजे त्या अर्थाने हे रेषीय नाहीच. शाळेत आलेख सरळ रेषा आला की पुरे. नववीत हे सांगायची गरज नाही, पण शिक्षकाला माहीत असावे. आणि ‘फलन’ नको. आपले ‘फल’ बरे.

मूळ विचारणारा

आभार. ‘फल’ प्रश्नातून काढूनच टाकतो. असे लिहीन: ‘य = १.८क्ष + ३२ या समीकरणाचे समाधान पुढीलपैकी कोणत्या क्रमित जोड्या करतात? प्रत्येक जोडीची किंमत ठेवून पडताळा दाखवा.’

प्रतिसाद २

जोडीची किंमत नव्हे, क्ष आणि य च्या किमती. बाकी ठीक.