मदत हवी आहे : रजिस्ट्रीत १,८४७ चुका निघाल्यात, क्लीनरला वर्षाचे पैसे भरावेत का?

वाईकर_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून पहिला धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

बाबा वाईला, मी पुण्यात. त्यांचा लॅपटॉप २०१७चा आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं, पाण्याच्या टँकरचा हिशोब सगळं त्यावरच. सहाएक महिन्यांपासून तो सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. बाबा बटण दाबून आंघोळीला जातात आणि येईपर्यंत कसाबसा उघडलेला असतो.

गेल्या आठवड्यात उजव्या कोपऱ्यात एक सूचना आली की तुमचा संगणक धोक्यात आहे, मोफत तपासणी करा. बाबांनी केली. लाल अक्षरांत 'रजिस्ट्रीत १,८४७ चुका, त्यातल्या ४०९ गंभीर'. मग सात दिवसांसाठी ₹४९ भरून त्यांनी 'दुरुस्ती' करून घेतली. लॅपटॉप होता तितकाच मंद. आणि दुसऱ्या दिवशी तपासलं तर पुन्हा ३१२ चुका! बाबा म्हणतात, काल झाडलेल्या अंगणात आज एवढा पाला आला कुठून?

(रजिस्ट्री म्हणजे टपालखात्यातली, असं त्यांना आधी वाटलं होतं. 'ती तर स्पीड पोस्टात विलीन झाली ना?')

रविवारी सात दिवस संपतायत, मग वर्षाचे ₹१,४९९. हे रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे क्लीनर, खरंच लागतं का? चुलतभाऊ म्हणतो हे काढ आणि दुसरं नावाजलेलं टाक. तसं काही विश्वासाचं असतं का? आणि जे १,८४७ काय ते पुसलं गेलं, त्यानं काही बिघडलं तर नसेल?

---

पुणेरी_चहा

नाही लागत. काढून टाका. फॉरमॅट मारा. विषय संपला.

---

मोकळा_वेळ

इतकंही टोकाचं नाही हो. मी दहा वर्षं एक फुकटातला क्लीनर वापरतोय, दर शनिवारी रजिस्ट्री साफ करतो, आजवर काहीही झालेलं नाही. उलट नंतर मशीन हलकं वाटतं. पैसे मात्र भरू नका, फुकटातले चांगले मिळतात.

---

जुनाट_पेंटियम

वाईकरताई, आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तो १,८४७चा आकडा किती मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपल्या सेटिंगा वेगवेगळ्या आयएनआय फाइलींत लिहायचा. विंडोज ३.१ मध्ये, म्हणजे १९९२ साली, रजिस्ट्री अगदी लहान रूपात आली आणि विंडोज ९५ पासून सगळा संसार तिच्यात गेला. कुठली फाइल कशानं उघडायची, प्रिंटर कोणता, सुरू होताना काय काय चालू करायचं, वॉलपेपर कोणता, सगळ्याच्या नोंदी तिथे. एखादा प्रोग्राम काढला की त्याच्या चार नोंदी मागे राहतात. क्लीनर त्या शोधतो. इथपर्यंत खोटं काही नाही.

खोटं पुढे सुरू होतं. त्या नोंदी राहिल्यामुळे मशीन मंद होतं, हा दावाच पोकळ आहे. विंडोज काही दर वेळी रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. हवी ती नोंद फांदी-फांदीनं गाठतं. बाबांना असं सांगा: सोसायटीच्या नामफलकावर खोली सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावं तशीच राहिली, म्हणून लिफ्ट हळू चालत नाही. अशा हजार-दोन हजार अनाथ नोंदींचं वजन एखाद्या मोबाइल फोटोपेक्षाही कमी भरेल.

विंडोज ९८च्या काळात ३२ किंवा ६४ एमबी रॅम असायची, तेव्हा साफसफाईला थोडा तरी अर्थ होता. खुद्द मायक्रोसॉफ्टनंच त्या दशकात रेजक्लीन नावाचं साधन काढलं होतं आणि पुढे मागे घेतलं. आज त्यांचं अधिकृत धोरण असं आहे की रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आमचा पाठिंबा नाही आणि त्यातून काही बिघडलं तर जबाबदारी आमची नाही. रजिस्ट्री ज्यांनी बनवली तेच हात वर करतायत, तिथे बाकीच्यांच्या हमीला किती किंमत द्यायची?

आता तो आकडा. तुम्ही अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी वर्ड ठेवतं ना, ती 'चूक' म्हणून मोजतात. पेनड्राइव्हवरची फाइल उघडली आणि पेनड्राइव्ह काढला की तो पत्ता सापडत नाही, ती आणखी एक 'चूक'. बाबांनी दिवसभर लॅपटॉप नुसता वापरला तरी दुसऱ्या दिवशी ३१२ दिसणारच. मी एकदा हौसेनं नवंकोरं विंडोज टाकून, इंटरनेटही न जोडता, तीन क्लीनर चालवून पाहिले. तिघांनी चुका दाखवल्या आणि तिघांचे आकडे निराळे. अजून वापरलाही नाही अशा मशीनवर! तेव्हापासून मी तो आकडा म्हणजे दुकानाची पाटी समजतो.

मोकळा_वेळ, तुम्हाला मशीन हलकं वाटतं ते अगदी खोटं म्हणत नाही. पण त्याच बटणानं टेम्प म्हणजे तात्पुरत्या फायली आणि ब्राउझरचा कॅश, म्हणजे साठवून ठेवलेला डेटा, पण उडतो, आणि बहुतेकदा आपण नंतर रिस्टार्ट करतो. श्रेय रजिस्ट्रीला जातं. एका शनिवारी फक्त रिस्टार्ट करून बघा.

---

डीटीपीवाला

'काही झालेलं नाही'वाल्यांसाठी माझा अनुभव. नाशिकला लग्नपत्रिका, बॅनर, नियतकालिकं असं काम आहे माझं. मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर, डोंगलवालं (परवान्याची किल्ली यूएसबीत लावावी लागते ते), पंधरा वर्षांचे जॉब त्याच्याच फाँटमध्ये. पोराने 'स्पीड वाढवतो पप्पा' म्हणून क्लीनर चालवला. बॅकअप घेऊ का विचारलं तर नो दाबलं.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर म्हणालं परवानाच नाही. कीबोर्डची मांडणी गेली. कारण काय, तर मी ते सॉफ्टवेअर जुन्या जागेहून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेलं होतं आणि त्या दिवशी तो बाहेरचा ड्राइव्ह जोडलेला नव्हता. क्लीनरला वाटलं घरात कोणी राहत नाही, उचला सामान. सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या तारखेच्या स्थितीत परत नेणं) करायला गेलो तर ते मशीनवर चालूच केलेलं नव्हतं. परवाना पुन्हा मिळेपर्यंत चार दिवस गेले, ते पण ऐन लग्नसराईत. एका पार्टीला पत्रिका शेजारच्या प्रेसमधून करून द्यावी लागली, स्वतःच्या पैशानं.

तो क्लीनर बनावट पण नव्हता, चांगला नावाजलेला होता. म्हणून सांगतो ताई, विश्वास आहे की नाही हा वेगळा मुद्दा. प्रामाणिक माणूस पण आपल्या कपाटातलं काय फेकायचं ते आपल्याला न विचारता ठरवायला लागला तर गोंधळच घालणार.

---

मोकळा_वेळ

हे वाचून जरा टरकलो. पण मग कोट्यवधी लोक सीक्लीनर का वापरतात? सगळे काय वेडे?

---

जुनाट_पेंटियम

वेडे नाहीत, सवय. टेम्प फायली काढायला ते वाईट नव्हतंच. पण विश्वासाचं विचाराल तर २०१७ आठवा. त्या वर्षी सीक्लीनर बनवणारी पिरिफॉर्म ही कंपनी अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं विकत घेतली आणि सप्टेंबरात उघड झालं की सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत, अधिकृत साइटवरून उतरवलेल्या, कंपनीची डिजिटल सही असलेल्या फाइलमध्येच हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं होतं. सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ते पोचलं. खरा नेम मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, त्यामुळे सामान्यांचं फारसं बिघडलं नाही, पण बनवणाऱ्यांचा हेतू चांगला असूनही काय होऊ शकतं ते दिसलं.

हेतूच वाईट असलेल्यांची गोष्ट वेगळी. २००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं 'रजिस्ट्री क्लीनर एक्सपी' विकणाऱ्यांवर खटला भरला. विंडोजच्याच मेसेंजर सेवेतून लोकांच्या पडद्यावर खोटे इशारे पाठवायचे आणि मग औषध विकायचं, ही पद्धत. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आरोप तोच, विंडोजचा वाटेल असा खोटा इशारा दाखवून भीती घालायची. सोळा वर्षांत बदललं काय, तर खिडकीची रंगसंगती.

बाबांच्या कोपऱ्यातली सूचना पण बहुधा विंडोजची नाहीच. कुठल्यातरी साइटनं 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं असेल, त्यांनी 'अलाउ' केलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट्स बघा आणि अनोळखी नावं काढून टाका.

आता मंदपणाचं बघू. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिस्क'च्या रकान्यात किती टक्के दिसतात? आणि 'स्टार्टअप'च्या टॅबमध्ये किती जण 'एनेबल्ड' आहेत?

---

वाईकर_लेक

बाबांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. डिस्क १०० टक्के, आणि ते जवळजवळ बारा मिनिटं १००च. स्टार्टअपमध्ये एकोणीस! दोन अँटिव्हायरस, तीन मीटिंगची अॅप्स (लॉकडाउनपासूनची), माझ्या कॉलेजच्या वेळचा टोरेंट (त्याबद्दल बोलणं खाल्लं), प्रिंटरचे चार, आणि सगळ्यात वर तो क्लीनर स्वतः.

---

जुनाट_पेंटियम

सापडला चोर. मशीन हलकं करायला आलेला पाहुणाच सकाळी सगळ्यात आधी ताटावर बसतोय.

करायचं ते असं. आधी क्लीनरमध्ये 'रिस्टोअर' किंवा 'बॅकअप' आहे का पाहा. असेल आणि बाबांचं काही बिघडलेलं असेल तरच ते पूर्ववत करा. सगळं नीट चालत असेल तर त्याला हात लावू नका. मग कंट्रोल पॅनलमधून क्लीनर काढा. अँटिव्हायरस दोन असतील तर दोन्ही काढा, विंडोजचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो आणि बाबांच्या वापराला तो पुरतो. स्टार्टअपमधले बाकीचे 'डिसेबल' करा. डिसेबल म्हणजे प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. जागेसाठी सेटिंग्जमधला 'स्टोरेज सेन्स' चालू करा, तो विंडोजचाच आहे.

एवढ्यानं दहाची पाच मिनिटं होतील. खरा फरक हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, बसवल्यानं पडेल. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई इकडून तिकडे पळते. एकोणीस जणांनी एकदम हाका मारल्या की ती धावूनच दमते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

आणि एक, जे त्या क्लीनरनं कधीच सांगितलं नसतं. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबले. २०१७चा लॅपटॉप असेल तर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्याचा प्रोसेसर बहुधा बसणार नाही. 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन ईएसयू, म्हणजे वाढीव अपडेटची नोंदणी करा. घरगुती वापराला ती तरतूद ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. धोका म्हणून लाल अक्षरांत दाखवायचंच असेल तर हे दाखवायला हवं होतं.

---

मोजून_खर्च

तांत्रिक बाजू झाली, पण ₹४९चं कुणी बोललंच नाही. कार्डानं भरले असतील तर पुढच्या वर्षवर्गणीचा ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, जवळजवळ नक्की दिलेला असणार. सॉफ्टवेअर काढलं म्हणजे मँडेट रद्द होत नाही! ₹१५,००० पर्यंतची आवर्ती रक्कम ओटीपीशिवाय जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा, पण बाबा मेसेज वाचतात का? रविवारची वाट बघू नका. बँकेच्या अॅपमध्ये 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' शोधा आणि रद्द करा.

आणि 'रिफंड देतो, एनीडेस्क उघडा' (दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारं अॅप) असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच.

---

पुणेरी_चहा

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं काढून टाका. कोणी ऐकत नाही.

---

वाईकर_लेक

शनिवारी वाईला जाऊन आले, म्हणून उशीर.

मँडेट होताच. ₹१,४९९, दर वर्षी, मुदत २०३४ पर्यंत! रद्द केला. क्लीनर गेला. जाताना 'तुमचा संगणक असुरक्षित राहील, नक्की?' असं तीन वेळा विचारलं. नोटिफिकेशनच्या यादीत सात साइट्स निघाल्या, त्यातल्या दोन पंचांगाच्या.

बिघाड एकच सापडला. प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण चालत नव्हतं. बाबांना वाटत होतं प्रिंटरच म्हातारा झाला. ड्राइव्हर पुन्हा टाकल्यावर चालू झालं. क्लीनरमुळेच गेलं होतं का ते छातीठोक सांगता येणार नाही, पण साफसफाईच्या आधी त्यांनी त्याच बटणानं टँकरची बिलं स्कॅन केली होती.

एसएसडी साताऱ्यातल्या दुकानात बसवून घेतली, जुनं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर घेऊन दिलं, मजुरीसकट ₹३,२०० झाले. आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. ईएसयूची नोंदणी पण झाली.

जुनाट_पेंटियम, नामफलकाचं उदाहरण बाबांना फार आवडलं. फक्त आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही, असं त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय. आणि डीटीपीवाले काका, बाबांच्या लॅपटॉपवर सिस्टिम रिस्टोअर बंदच होतं. तुमचं वाचलं होतं म्हणून आधी ते चालू केलं, मग बाकीच्याला हात लावला.

₹४९ गेले ते गेले. ते सोसायटीच्या खर्चात टाकलेले नाहीत, हेही मुद्दाम लिहायला सांगितलंय.