‘डिड’ शिकवल्यानंतरची अडचण

स्पॅनिशभाषक इंग्रजी शिकताना प्रश्नात ‘डू-डिड’ गाळतात असं म्हणतात, ते मला पटतं. स्पॅनिशमध्ये तसं सहायक क्रियापद लागतच नाही. पण माझ्या वर्गात खरी पंचाईत ‘डिड’ शिकवल्यानंतर होते. मग ते सगळीकडे घुसतं: ‘हू डिड कॉल आना?’ आनाला कोणी फोन केला, हे विचारायला नुसतं ‘हू कॉल्ड आना?’ पुरतं. आनाने कोणाला केला, तर मात्र ‘हू डिड आना कॉल?’

स्पॅनिशमध्ये हा फरक एवढासा ‘आ’ दाखवतो: ‘किएन यामो आ आना?’ (आनाला कोणी फोन केला) आणि ‘आ किएन यामो आना?’ (आनाने कोणाला केला). ‘किएन’ म्हणजे ‘कोण’. म्हणून मी आधी तो ‘आ’ शोधायला लावते. ‘किएन’च्या आधी सापडला, की इंग्रजीत ‘डिड’ घ्यायचं. आपलं ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ अगदी हेच काम करतं.