हरताळ फासतात की पाळतात?

अनघा :
माझ्या लेखात 'त्यांनी स्वतःच्याच तत्त्वांना हरताळ फासला' असं वाक्य होतं. मुद्रितशोधकांनी 'फासला' खोडून 'पाळला' केलं. त्यांचं म्हणणं, हरताळ म्हणजे बंद, तो पाळतात. फासतात ते काळं. मला 'फासला'च बरोबर वाटतं, पण आजच्या वाचकाला ते कळतं का? ठेवू, की 'तिलांजली दिली' करू?

श्रीधर :
मुळीच बदलू नका. हे दोन निराळे शब्द आहेत. फासायचा हरताळ म्हणजे संस्कृत 'हरिताल', आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक तिच्यावर त्याचा लेप देत. पाळायचा हरताळ गुजरातीतल्या 'हडताळ'चा : हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताळा म्हणजे कुलूप. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या हाकेवर देशभर पाळला गेला तो हा.

मिलिंद :
मी 'फासणे'चा संबंध कायम फासाशी लावत आलोय. तत्त्वांना फाशी दिली, असा अर्थ चपखल बसतो की.

वसुधाताई :
मिलिंद, फास लावतात, घालतात, आवळतात. फासतात तो शेंदूर, चुना, नाहीतर काळं. इथे क्रियापदच साक्ष देतंय.
मी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत. कागद मुळातच पिवळसर, त्यामुळे हरताळाचा ठिपका पटकन नजरेत भरत नाही. पान उजेडात तिरपं धरलं की खालचं चुकलेलं अक्षर पुसट दिसतं आणि त्याच्यावर काळ्या शाईत बरोबर अक्षर लिहिलेलं असतं. मला खरा प्रश्न इथे पडतो. लेखनिकाच्या हातात हरताळ म्हणजे दुरुस्ती. मग वाक्प्रचारात तो इतका वाईट अर्थाने कसा रुळला?

श्रीधर :
कारण इथे बरोबर लिहिलेल्यावर तो फासला जातो. म्हणूनच लिखित किंवा ठरलेल्या गोष्टीलाच हरताळ फासता येतो : नियम, करार, दिलेलं वचन. हल्ली 'उत्साहाला हरताळ फासला' वाचायला मिळतं, ते साफ चूक. उत्साहावर विरजण पडतं.

केतकी :
दादा, तत्त्वं तरी कोण कागदावर लिहून ठेवतं? तुमच्या कसोटीने अनघाताईंचं वाक्यही बाद होईल. पोथ्या गेल्या, लेखनिक गेले, तरी वाक्प्रचार जिवंत आहे तो लोकांनी तो सैल हाताने वापरला म्हणूनच.

श्रीधर :
मी 'ठरलेल्या' असंही म्हटलंय. तत्त्वं ठरवलेली असतात, उत्साह कुणी ठरवत नाही. सैल हाताने वापरायचं म्हणजे काहीही कशालाही जोडायचं नव्हे.

मिलिंद :
आणि हरतालिका? तिचा या पिवळ्या हरताळाशी काही संबंध?

वसुधाताई :
नाही. तिची पारंपरिक फोड 'हरित' म्हणजे पळवून नेलेली आणि 'आलि' म्हणजे सखी अशी सांगतात. पार्वतीला सखीने रानात नेलं, ती कथा.

अनघा :
माझा प्रश्न मागेच राहिला. अंक छपाईला जायचाय.

केतकी :
'तिलांजली' नको. तिलांजली देणारा ती गोष्ट सोडून मोकळा होतो. हरताळ फासणारा तत्त्वांचं नाव घेतच असतो आणि वागतो उलट. तुम्हाला दुसरा अर्थ हवाय ना? अगदीच अडलं तर 'तत्त्वांवर पाणी फिरवलं' करा.

श्रीधर :
'पाणी फिरवलं' हिंदीच्या 'पानी फेरना'वरून उचललंय. मराठीत बोळा फिरवतात. पाटीवरचा ओला बोळा.

केतकी :
'पाणी फिरवलं' आमच्या आजीच्या तोंडीही होतं, आणि तिला हिंदीचा गंध नव्हता.

श्रीधर :
आजी नेमकं काय म्हणायच्या, 'फिरवलं' की 'फिरलं'? 'पाणी फिरलं' असेल तर मी ते वेगळं धरेन.