प्रश्न फक्त खर्चाचा नाही

प्रोस्टेट कॅन्सरमध्ये लगेच शस्त्रक्रिया करावी की नियमित तपासण्या करत नुसती देखरेख ठेवावी, यातलं काय जास्त फायद्याचं हे खर्च आणि परिणाम मांडून मोजणाऱ्या गणिती मॉडेलची ही चर्चा. "शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच, देखरेखीचा वर्षानुवर्षं, म्हणून मॉडेलमध्ये शस्त्रक्रियाच सरस ठरणार" असं या चर्चेत कुणी तरी म्हटलंय. मला ते पटत नाही.

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशी विभागणी केली होती. २०२३ साली आलेल्या १५ वर्षांच्या निकालात प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. आजार पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत ९.४ टक्के, शस्त्रक्रियेत ४.७.

म्हणजे खरा प्रश्न जगण्याच्या प्रतीचा. ऑपरेशननंतर लघवी गळते म्हणून रोज पॅड लावणाऱ्या माणसाचं एक वर्ष मॉडेल पूर्ण १ (म्हणजे पूर्ण निरोगी वर्ष) धरत नाही, थोडं कमी धरतं. हे 'थोडं' किती, यावर अख्खा निकाल फिरू शकतो. आणि तो आकडा रुग्णांना विचारूनच ठरायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे डिस्काउंटिंग, म्हणजे पुढच्या वर्षांतला खर्च आणि परिणाम दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी धरणं. उपचार खर्चाच्या मानाने योग्य आहेत का हे तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचा नेहमीचा दर ३.५ टक्के. त्या हिशेबाने पंधराव्या वर्षी पसरलेल्या आजाराचं वजन आजच्या ६० टक्केच उरतं; पहिल्या महिन्यातली गळती मात्र पूर्ण मोजली जाते.