एकही क्लेम नाही, तरी गाडीचा विमा सव्वापट: वाढवतंय कोण?

कोथरूडकर (धागाकर्ता)

गाडी 2019 ची, 1197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. वर्षाला जेमतेम 4,000 किलोमीटर चालते. मंडई, बँक, आणि महिन्यातून एकदा वाईला आईकडे. सहा वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही. गेल्या वर्षी जीएसटीसकट 7,370 रुपये भरले होते, यंदा त्याच कंपनीची रिन्यूअलची नोटीस आली 9,259 ची.

दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ पाहिली. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 3,80,000 वरून 3,40,000 वर उतरली आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, दोन्ही वर्षी 50 टक्के. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या विम्याचे, 3,416 जसेच्या तसे. गाडी जुनी झाली, किंमत उतरली आणि हप्ता चढला. हे कसं?

माझं मत सांगतो. ही वाढ वर्कशॉपमधल्या फुगवलेल्या बिलांची आहे आणि ती आमच्यासारख्या क्लेम न घेणाऱ्यांकडून वसूल होते. मागच्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी डावं दार घासून गेलं. गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसाने दाराकडे नीट पाहिलंही नाही, आधी विचारलं, "कॅश की क्लेम?" म्हटलं, दोन्ही सांगा. कॅशने 4,500, दार ठोकून रंगवून. क्लेमने 13,000, कारण मग मागचं दार आणि खालची पट्टीही त्यात आली. "सर, तुमच्या खिशातून हजारच जाणार ना." ओरखडा एकाच दारावर होता. मी कॅश दिली. पण दहातले किती जण देत असतील?

डेंटिंग_पेंटिंग

नाशिकला बॉडीशॉपमध्ये 22 वर्षं काम करतोय. दादा, तुम्ही म्हणता ते घडतं, मी नाकारत नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये सल्लागाराला महिन्याचं टार्गेट असतं आणि क्लेमची गाडी आली की ते पुरं करायला सोपं जातं. पण सगळा दोष तिथे टाकू नका.

मी कामाला लागलो तेव्हा फेंडर चेपला की पत्रा आतून ठोकायचा, पुटी लावायची, घासायचं, रंग मारायचा. दोन दिवसांची मजुरी झाली की काम संपलं. आता गेल्या आठवड्यात आलेली गाडी सांगतो. वेग काही नव्हता, सिग्नलला पुढच्याला टेकली एवढंच. बंपरला चीर, लोगोमागचा, पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार हलला आणि हेडलाइट बसवायचा प्लास्टिकचा एक कान तुटला. दिवा पेटत होता, काचेवर ओरखडा नव्हता. पण तो कान सुटा मिळत नाही. पूर्ण एलईडी हेडलाइट बदलावा लागला, रडार पुन्हा जुळवून घ्यावा लागला. काचेचंही तेच. काचेला कॅमेरा असला की नुसती काच बसवून भागत नाही, कॅमेरा नव्याने कॅलिब्रेट करावा लागतो. हा खर्च मी फुगवलेला नाही, गाडी बनवतानाच तो आत घातलेला आहे.

झिरो डेपचंही लक्षात घ्या, जादा पैसे भरून घ्यायचं ते कव्हर. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीचे निम्मे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. झिरो डेपमध्ये ते कंपनी भरते. आजच्या गाडीचं तोंड बघा, प्लास्टिकशिवाय आहे काय तिथे?

कोथरूडकर

माझ्या गाडीला रडारही नाही आणि काचेला कॅमेराही नाही. मग त्या गाड्यांचा खर्च माझ्या कागदावर का?

निवृत्त_अंडररायटर

तुमचे आकडे घेऊन हिशेब मांडला. दोष वर्कशॉपचा की सुट्या भागांचा, हे नंतर पाहू. तुमच्या कागदावर वाढ कुठे झाली ते आधी बघा.

1 जानेवारी 2007 पर्यंत गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, म्हणजे ओडीचे, दर सगळ्या कंपन्यांना सारखे होते. त्यानंतर ते मोकळे झाले. पण जुनी कोष्टकं अजून पाया म्हणून वापरली जातात. तुमच्या सीसीला, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला, पुण्यात तो दर 3.447 टक्के. तो आयडीव्हीला लावायचा आणि त्यावर कंपनी आपल्या मर्जीने सूट देते.

गेल्या वर्षी ओडी झाला सुमारे 13,100. त्यावर 80 टक्के सूट, उरले 2,620. बोनस वजा जाऊन 1,310. यंदा ओडी 11,720, पण सूट 65 टक्केच, उरले 4,102, बोनसनंतर 2,051. झिरो डेप 1,520 चा 2,380 झाला, कारण पाच वर्षांपुढच्या गाडीला तो मोजक्याच कंपन्या देतात आणि दर चढा लावतात. दोन्ही वर्षी थर्ड पार्टी आणि जीएसटी मिळवून बघा, तुमचेच आकडे येतील.

दर वाढलाय असं कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. सूट कमी झाली आहे. ज्या मॉडेलवर, ज्या शहरात क्लेम जास्त आले, तिथे कंपनी सूट आवळते. तुमच्या मॉडेलच्या बाकी मालकांनी काय केलं ते तुमच्या हप्त्यात उतरतं. विमा म्हणजे सगळ्यांचा मिळून एक हौद, त्यात हे होणारच.

शेवटी एक. दाराचे 4,500 खिशातून दिलेत ते शहाणपणाचं होतं. ओडी 4,000 च्या आसपास राहील असं धरा. एक क्लेम टाकला की बोनस 50 वरून शून्यावर येतो, मग 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढून पुन्हा 50 ला पोहोचायचं. त्या पाच वर्षांत मिळून 5,000 रुपये जास्त जातात, वर जीएसटी.

रोज_एक्सप्रेसवे

तुम्ही सगळे ओडीवर भांडताय आणि सगळ्यात मोठी ओळ सोडून देताय. 3,416 रुपये थर्ड पार्टी! वर्षानुवर्षं भरतोय, एक रुपया परत आला नाही. आणि सरकारच सांगतं की रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास वाहनांना विमाच नाही. म्हणजे त्यांचं ओझंही आपणच वाहतोय. थर्ड पार्टी 1,000 रुपयांवर आणा, हप्ता आपोआप उतरेल.

कोर्टाची_पायरी

सांगलीला मोटार अपघात न्यायाधिकरणात वकिली करते. वरच्या प्रतिसादाशी मी अजिबात सहमत नाही.

एक उदाहरण घ्या. 34 वर्षांचा गवंडी, महिन्याला 15,000 कमावणारा, घरात बायको, दोन मुलं आणि आई. कुणाच्यातरी गाडीखाली गेला. भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत आखून दिला आहे. 15,000 वर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 15,750. वर्षाचे 1,89,000. त्या वयाला गुणक 16. झाले 30,24,000 रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंचे वेगळे. आता 3,416 ने भागा. 885 गाड्यांचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता त्या एका घराला लागतो. आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला या पॉलिसीत कमाल मर्यादा नाही. मर्यादा फक्त मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख.

"एक रुपया परत आला नाही" म्हणता. ते पैसे तुमच्याकडे परत यायचे नव्हतेच. तुमच्या गाडीसमोर येणाऱ्या माणसासाठी ते आहेत.

दुसरी चूक. विमा नसलेल्या गाडीचा भार तुमच्या कंपनीवर येत नाही. तिथे निकाल मालकाविरुद्ध लागतो आणि मालकाकडे काहीच नसेल तर विधवेच्या हातात फक्त निकालाची प्रत राहते. अशा प्रती घेऊन वर्षानुवर्षं दारात येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ओझं वाहतात त्या. 1,000 ते 1,500 सीसीला हा दर 1 जून 2022 पासून 3,416 वर थांबलाय. औषधं, मजुरी, कोर्टाने धरायचं किमान उत्पन्न, सगळं तेव्हापासून पुढे गेलं. माझ्या मते हा दर वाढायला हवा.

रोज_एक्सप्रेसवे

वकीलताई, विमा नसलेल्यांबद्दलची माझी चूक मान्य. पण वाढवा कसं म्हणता? विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा दंड 2,000 आणि हप्ता 3,416. आजच लोकांना दंड परवडतो. हप्ता आणखी वाढला तर उरलेलेही विमा सोडतील आणि तुमच्या त्या बायकांच्या हातात आणखी निकालाच्या प्रती पडतील.

कोर्टाची_पायरी

हा मुद्दा खरा आहे. दंड हप्त्यापेक्षा कमी असणं ही मोठी चूक आहे. पण त्यावर उपाय दंड वाढवणं आणि पेट्रोल पंपावर, टोलवर तपासणी करणं हा. हप्ता पाडणं नाही.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत पाणी भरलं तेव्हा गाडी खालच्या पार्किंगमध्ये होती. पाणी ओसरल्यावर भावाने घाईत किल्ली फिरवली. इंजिनात पाणी गेलेलं, एका दणक्यात बसलं. सीट, वायरिंग, कार्पेटचा क्लेम मिळाला, इंजिनाचा नाही. पाण्यात बुडालेली गाडी सुरू केल्याने झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. तेव्हापासून दरवर्षी ते घेतो. कुणी महाग म्हणालं तरी घेणार. पूर ओसरल्यावर गाडीला हातही लावू नका, टो करून न्या, एवढं सगळ्यांना कळकळीने सांगतो.

वर्धेकर

चिपळूणकरांच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं. पण प्रश्न विचारतोच. कोकणात पूर येतो, मुंबईत गाड्या बुडतात आणि सूट आमच्याकडेही आवळली जाते. आमच्या घरासमोर गाडी बुडायची तर आधी आख्खं गाव बुडावं लागेल. ज्याची जोखीम त्याने भरावी.

निवृत्त_अंडररायटर

वर्धेकर, जुन्या कोष्टकात खासगी गाड्यांना दोनच झोन होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद एकात, उरलेला सगळा देश दुसऱ्यात. चिपळूण आणि वर्धा एकाच झोनमध्ये! फरकही नाममात्र, नव्या 1,200 सीसीच्या गाडीला 3.283 आणि 3.191 टक्के. 5 लाखांच्या गाडीवर सूट धरण्याआधी 460 रुपये. पण आता कंपन्या पिनकोडनुसार सूट ठरवू शकतात. तुम्ही मागताय ते हळूहळू येतंय. ते पूर्ण आलं तर चिपळूणच्या माणसाला विमा परवडेल का, हा विचार मात्र करा.

वाशिष्ठीकाठ

आणि नदी आम्ही अंगणात आणलेली नाही.

नवी_गाडी_दसऱ्याला

यात शोरूमचं नाव कुणीच काढलं नाही. नव्या गाडीला 2018 च्या सप्टेंबरपासून तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, ते 10,640 सगळीकडे सारखेच. पण ओडी आणि वरच्या कव्हरांचे शोरूमने सांगितले 31,000. त्याच आयडीव्हीला, त्याच कव्हरांना बाहेर मला 19,500 पडले. सेल्समन म्हणाला, बाहेरची पॉलिसी घेतली तर कॅशलेस, म्हणजे कंपनीने वर्कशॉपचं बिल परस्पर भरणं, मिळणार नाही. कंपनीच्या यादीत तेच वर्कशॉप होतं! 2023 पासून विमा नियामकाने कमिशनची वेगवेगळी कमाल मर्यादा काढली, आता फक्त कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा आहे. मग जिथे गिऱ्हाईक हातात आहे तिथेच जास्त कमिशन जाणार. माझ्या मते वाढीचं पहिलं कारण हेच.

डेंटिंग_पेंटिंग

ताई, शोरूमची पॉलिसी असली की तिथे काम अडत नाही, हेही अनुभवाने सांगतो. बाहेरच्या पॉलिसीच्या गाड्या मंजुरीसाठी चार-चार दिवस उभ्या पाहिल्यात.

नवी_गाडी_दसऱ्याला

चार दिवसांचे 11,500 मी देणार नाही.

कोथरूडकर

दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. निवृत्त_अंडररायटर यांनी मांडलेला हिशेब कागदावर ताडून पाहिला, रुपयाला रुपया जुळला. मग तिघांकडून कोट मागवले. आयडीव्ही 3,40,000 आणि झिरो डेप दोन्ही कायम ठेवूनच मागवले, नाहीतर किंमत पाडून हप्ता स्वस्त दाखवतात. एकाने सूट 78 टक्के दिली आणि एकूण 8,020 ला पॉलिसी झाली. बोनसचं पत्र जुन्या कंपनीकडून आलं, तो मालकाचा असतो, त्यामुळे कंपनी बदलली तरी गेला नाही.

वकीलताई, 3,416 बद्दल यापुढे तक्रार करणार नाही. तो 885 चा आकडा मी घरी मुलालाही सांगितला, तो नुकताच गाडी शिकतोय.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. 4,000 किलोमीटर चालवणाऱ्याला आणि 30,000 चालवणाऱ्याला एकच दर का? जुलै 2022 पासून किलोमीटरप्रमाणे हप्ता घ्यायला परवानगी आहे. मी तिघांनाही विचारलं. दोघांना ते काय असतं हेच माहीत नव्हतं.

रोज_एक्सप्रेसवे

मी तो 30,000 वाला. तळेगावात राहतो कारण पुण्यात घर परवडत नाही, कामाला नवी मुंबईत जातो. माझे किलोमीटर हौसेचे नाहीत. जास्त चालवतो म्हणून जास्त भरायला लावलंत तर भुर्दंड मला पडेल, आणि माझ्याही नावावर आठ वर्षांत एकही क्लेम नाही.

कोथरूडकर

तुमच्या त्या आठ वर्षांची किंमत 50 टक्के बोनसवर संपते, पुढे कितीही वर्षं गेली तरी. तिथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत. बोनसची पायरी 50 वर का थांबावी, यावर नवा धागा काढतो.