ओझी उचलून खाली जड वाटतं, गर्भपिशवी काढावी लागेल का?

प्रश्न: दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांतच पाट्या वाहायला लागले. आता संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, खोकलं की लघवीचे थेंब. आडवी झाले की बरं. सासूबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक.

उत्तर: ताई, मी नर्स आहे. अंग बाहेर येण्याची, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकण्याची, सुरुवात असू शकते. आधी तपासून घ्या. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, वर ओझ्याचा दाब. बऱ्याचदा त्या स्नायूंचा व्यायाम किंवा आत बसवायची रिंग पुरते. नुसती पिशवी काढून तळ घट्ट होत नाही, हे कुणी सांगतच नाही!

उत्तर: उचलताना श्वास रोखू नका, सोडत उचला. जुना खोकला, बद्धकोष्ठताही तोच दाब वाढवतात. पाटी अर्धीच भरा. मुकादम कुरकुरला तर कुरकुरू दे.