बहुशुंडक, छत्रिक… आणि मधल्या अवस्थांना काय म्हणायचं?

शिंपला: शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘ऑरेलिया’ जेलीफिशच्या जीवनचक्राचा तक्ता करतेय. प्लॅन्युला अळी खडकाला चिकटते, तिचा पॉलिप होतो. मग त्याच्यावर आडव्या खाचा पडत जातात, बशांची चळत लावल्यागत दिसतो, आणि वरची एकेक बशी सुटून पोहायला लागते. पॉलिपला ‘बहुशुंडक’ आणि पोहणाऱ्या, छत्रीसारख्या पूर्ण वाढलेल्या जेलीफिशला ‘छत्रिक’ हे दहावीच्या पुस्तकातले शब्द घेतले. पण त्या चळतीला, म्हणजे स्ट्रोबिलाला, आणि सुटलेल्या आठ हातांच्या एफिराला मराठीत काय म्हणू?

रानवाट: मला ‘बहुशुंडक’च पटत नाही. शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतालचे सोंडेसारखे हात, छत्रिकालाही असतातच की! खरा फरक ठेवणीत आहे. एकाचं बूड खडकाला आणि तोंड वर, दुसऱ्याचं तोंड खाली. सरळ पॉलिप लिहा, सगळ्यांना कळतं.

मास्तरीण: कळतं म्हणूनच घोळ होतो. वर्गात एकाने विचारलं, ‘बाबांच्या नाकात पॉलिप आहे, म्हणजे प्रवाळ का?’ शिवाय मूळ ग्रीक शब्दही ‘पुष्कळ पायांचा’ असाच आहे. बहुशुंडक काही वावगा नाही. आणि ‘छत्रिक’ तर चित्र दाखवलं की पोरं विसरतच नाहीत.

खारवारा: प्रवाळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याला छत्रिक अवस्था नसतेच, मालवणच्या पाण्यातलं प्रवाळसुद्धा जन्मभर पॉलिपच. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळा अंकुरही. एका पॉलिपला दुसरा फुटत वसाहत वाढते, मग पॉलिपला ‘अंकुर’च का म्हणू नये?

रानवाट: अजिबात नको! प्रवाळ ही वनस्पती नाही, प्राणी आहे, हे १७२० च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने सांगितलं तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पटलं नव्हतं. तोच गैरसमज आपण शब्दातून परत आणायचा?

खारवारा: मग हायड्रा या इवल्या पॉलिपच्या अंगावर फुगवटा येऊन नवा हायड्रा होतो, त्या ‘मुकुलायना’तलं मुकुल कुठलं? कळीच ना? ते चालतं आणि अंकुर चालत नाही?

मास्तरीण: मुकुलायन ही क्रिया झाली. तुम्ही प्राण्याचंच नाव बदलताय.

शिंपला: माझं स्ट्रोबिलाचं राहिलं. नॉर्वेच्या सार्स या प्राणिशास्त्रज्ञानेही ती आधी वेगळाच प्राणी समजून १८२९ मध्ये वेगळं नाव दिलं होतं, म्हणून तक्त्यावर नातं दिसेल असा शब्द हवाय. ‘चळत-बहुशुंडक’ कसा वाटतो?

रानवाट: ‘चळत’ छान, पुढचं शेपूट काढा. आणि मास्तरीणबाई, पावसाळ्यात जुहूला येणाऱ्या ब्लू बॉटलचं काय करणार? ती एक जेलीफिश नाही, अख्खी वसाहत आहे. तिला बहुशुंडक म्हणाल की छत्रिक?

खारवारा: तिच्यात दोन्ही घडणीचे जीव असतात. म्हणूनच म्हणतो, अंकुर!